कुंथलगिरीचा पेढा आणि अनोळखी गिऱ्हाईक

प्रश्न : आम्ही भूम तालुक्यात खव्याचे पेढे बनवून इन्स्टाग्रामवरून विकतो. पुण्या-मुंबईचे लोक चौकशी करतात, पण आगाऊ पैसे म्हटलं की गप्प होतात. काय करावं?
– एक भगिनी, भूम

उत्तर : ताई, त्यांची भीती रास्त आहे, राग धरू नका. पानावर पूर्ण नाव, गावाचा पत्ता, उचलला जाणारा फोन आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक ठळक द्या. तो सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो, हेही लिहा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाचंच नाव दिसलं पाहिजे. तिसऱ्याच कुणाचं नाव आलं की गिऱ्हाईक परत फिरतं. पहिली ऑर्डर पाव किलोची, पैसे माल मिळाल्यावर. पेढा नाशवंत, म्हणून डब्यावर बनवल्याची तारीख हवीच. पैसे परत मिळवताना गिऱ्हाइकाला पिन वा ओटीपी द्यावा लागत नाही, हे स्वतःहून सांगा.

तुमच्याच भागातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्यावरच लावा.

तुमच्या नावाचं खोटं पान काढून कुणी गिऱ्हाइकाला फसवलं, तर त्या गिऱ्हाइकाला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा.