'स्पिट' आणि 'स्पॅट' : थुंकण्याच्या इंग्रजी क्रियापदाचा मध्ययुगीन इतिहास

प्रास्ताविक

ध्वनिपरिवर्तन, बोलीभेद आणि सादृश्य या संकल्पनांचा परिचय तुम्हांस आधीच्या घटकांत झाला आहे. त्या तिन्ही एकाच शब्दाच्या इतिहासात एकत्र कशा येतात, हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी निवडलेला शब्द मुद्दामच साधा, किंबहुना काहीसा अशिष्ट आहे : 'थुंकणे' या अर्थाचे इंग्रजी क्रियापद.

मराठीच्या विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दाचा इतिहास का अभ्यासावा, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. बायबलमधील तीच वाक्ये इंग्रजीत दहाव्या, चौदाव्या, सोळाव्या आणि सतराव्या शतकात पुन्हा पुन्हा भाषांतरित झाली. मूळ आशय तोच, शतक मात्र वेगळे. त्यामुळे शब्द केव्हा आणि कसा बदलला हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. भाषेच्या अभ्यासकाला अशी सोय क्वचितच लाभते.

आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे वर्तमानकालीन रूप 'स्पिट' आणि भूतकालीन रूप 'स्पॅट' असे आहे. ही जोडी पाहताच 'सिट–सॅट' (बसणे) ही जोडी आठवते. 'सिट'मधील स्वरबदल फार प्राचीन आहे. धातूतील स्वर बदलून काळ दाखविण्याची ही जर्मानिक रीत आपल्या संस्कृत व्याकरणातील गुण-वृद्धीच्या दूरच्या नात्यातली आहे. मग 'स्पिट–स्पॅट'मधील स्वरबदलही तितकाच जुना असेल, असे अनुमान सहज निघते. हे अनुमान चुकीचे आहे. ते का चुकते, हा या घटकाचा मुख्य विषय होय.

(टीप : प्राचीन रूपे देवनागरीत लिहिताना दीर्घ 'ॲ' दाखविण्यासाठी 'ऽ' हे चिन्ह वापरले आहे.)

प्राचीन इंग्रजीतील क्रियापदे

प्राचीन इंग्रजी म्हणजे स्थूलमानाने इ.स. ११०० पर्यंतची भाषा. ती एकजिनसी नव्हती. दक्षिणेकडे वेसेक्स राज्याची पश्चिम सॅक्सन बोली, तर मध्यभागी व उत्तरेकडे अँग्लियन गटातील बोली प्रचलित होत्या. पश्चिम सॅक्सन बोलीत थुंकण्यासाठी 'स्पॅऽटन' हे क्रियापद होते; अँग्लियन बोलीत 'स्पिट्टन'. दोन्ही एकाच मूळ कल्पनेची अपत्ये असली तरी ती स्वतंत्र क्रियापदे होती. एकाचा भूतकाळ दुसऱ्याकडून घेण्याचे कारण त्या काळी नव्हते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही दोन्ही क्रियापदे 'दुर्बल' वर्गातील होती. जर्मानिक भाषांच्या व्याकरणात, स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांना सबल व प्रत्यय जोडून भूतकाळ करणाऱ्यांना दुर्बल म्हणतात. 'स्पॅऽटन'चा भूतकाळ 'स्पॅऽट्टे' असा प्रत्यय लागूनच होई. याउलट 'सिट'चे पूर्वरूप 'सिट्टन' सबल होते आणि त्याचा भूतकाळ 'सॅट' हा खराखुरा स्वरबदल होता.

याच अर्थक्षेत्रात 'स्पीवन' हे तिसरे क्रियापद होते आणि ते मात्र सबल होते. त्याचा अर्थ ओकणे आणि थुंकणे असा दुहेरी होता. पुढे त्याचा अर्थसंकोच होऊन ते 'ओकणे' या अर्थापुरते उरले. आजचे 'स्प्यू' ते हेच. गंमत अशी की खरे सबल असलेल्या या क्रियापदाने आपला स्वरबदल पुढे गमावला आणि ते दुर्बल झाले, तर मुळात दुर्बल असलेले 'स्पिट' आज सबल असल्यासारखे दिसते.

अशिष्ट शब्द आणि पवित्र ग्रंथ

थुंकण्यासारखा शब्द जुन्या लेखनात फारसा सापडू नये, अशी आपली अपेक्षा असते. हस्तलिखितांसाठी लागणारे चर्मपत्र महाग होते, लिहिणारे बहुधा धर्मगुरू होते. तरीही या क्रियापदाचा इतिहास आपल्याला सलग मिळतो, याचे श्रेय ख्रिस्तचरित्राला द्यावे लागते. वधस्तंभाकडे नेण्यापूर्वी येशूची विटंबना करणारे लोक त्याच्यावर थुंकले, हा प्रसंग शुभवर्तमानात आहे. त्याच ग्रंथात येशू जमिनीवर थुंकतो, त्या ओलाव्याने चिखल करतो आणि तो जन्मांधाच्या डोळ्यांना लावून त्याला दृष्टी देतो. एकच क्रिया एकदा अपमानाची आणि एकदा कृपेची. भाषांतरकाराला दोन्ही ठिकाणी हा शब्द टाळता येत नव्हता. गोदास्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची कथा सांगताना आपल्या चरित्रकारांनाही तो टाळता आला नाही, हे या ठिकाणी आठवावे.

सुमारे इ.स. ९९० च्या पश्चिम सॅक्सन शुभवर्तमानांत या स्थळी अर्थातच 'स्पॅऽटन'ची रूपे येतात. त्या काळी लेखनाची प्रतिष्ठित भाषा हीच होती. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ती प्रतिष्ठा नाहीशी झाली. दरबार, न्यायालय व उच्चवर्ग फ्रेंचकडे वळला आणि इंग्रजी पुन्हा प्रादेशिक बोलींची भाषा बनली. अन्न, वस्त्र, न्याय, सौंदर्य अशा क्षेत्रांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. थुंकण्याचा शब्द मात्र देशीच राहिला. रोजच्या, शरीराशी निगडित क्रियांचे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. 'सलायव्हा' किंवा 'एक्स्पेक्टोरेट' यांसारखे लॅटिन शब्द वैद्यकाच्या व सभ्यतेच्या गरजेतून नंतर आले. 'थुंकी' आणि 'निष्ठीवन' यांत आपल्याकडे जो स्तरभेद आहे, त्याच जातीचा हा भेद.

मध्य इंग्रजी : दोन क्रियापदे एक होतात

आता ध्वनीकडे वळू. 'स्पॅऽट्टे'मध्ये दीर्घ स्वरानंतर द्वित्त व्यंजन आहे. अशा स्थितीत दीर्घ स्वर ऱ्हस्व होण्याची प्रवृत्ती प्राचीन इंग्रजीच्या अखेरीस बळावली. परिणामी वर्तमानकाळात दीर्घ स्वर टिकला आणि भूतकाळात तो आखूड झाला. आजच्या 'मीट–मेट' (भेटणे) आणि 'लीड–लेड' (नेणे) या जोड्या नेमक्या अशाच निर्माण झाल्या. तसेच मध्य इंग्रजीत वर्तमानकाळी 'स्पेटे' आणि भूतकाळी 'स्पेट्टे' किंवा 'स्पट्टे' अशी रूपे तयार झाली. दुसरीकडे अँग्लियन 'स्पिट्टन'चा स्वर मुळातच ऱ्हस्व असल्याने त्याचा वर्तमानकाळ 'स्पिट्टे' आणि भूतकाळही 'स्पिट्टे'च राहिला.

येथे थोडे थांबून विचार करा. 'आज मी थुंकतो' आणि 'काल मी थुंकलो' यांसाठी एकच रूप असणे बोलणाऱ्याला अडचणीचे होते काय? इंग्रजीत 'हिट', 'कट' अशी क्रियापदे आजही तशीच चालतात. तेव्हा ही अडचण असह्य नव्हती. परंतु शेजारच्या बोलीत वेगळे, स्पष्ट भूतकालीन रूप उपलब्ध असेल तर ते उचलण्याचा मोह होतोच.

चौदाव्या शतकात दोन्ही घराण्यांची रूपे एकमेकांत मिसळलेली दिसतात. वायक्लिफच्या प्रेरणेने १३८० नंतर झालेल्या बायबल-भाषांतरात 'स्पेटे'च्या बाजूची रूपे आहेत. चॉसर (मृत्यू १४००) हा लंडनचा कवी. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये क्षमापत्रे विकणारा ढोंगी माणूस आपण विष ओकतो असे सांगताना 'स्पिट्टे' म्हणतो, तर त्याच ग्रंथातील धर्मोपदेशक येशूच्या विटंबनेविषयी बोलताना 'बिस्पेट' हे दुसऱ्या घराण्यातील रूप वापरतो. एकाच ग्रंथात दोन्ही क्रियापदे सुखाने नांदतात. लंडन हे बोलींच्या सीमेवरचे, सर्व दिशांनी माणसे येणारे शहर होते, हे लक्षात घेतले म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही.

पुढील प्रमाण इंग्रजीचा पाया मुख्यतः अँग्लियन वंशाच्या पूर्व-मध्य बोलीवर घातला गेला. त्यामुळे वर्तमानकाळाची जागा 'स्पिट'ने घेतली आणि 'स्पेटे' बोलींत मागे पडला. पण त्याचा भूतकाळ 'स्पट्टे' गेला नाही. त्याला आधार मिळाला तो सादृश्याचा. 'सिट–सॅट' ही रोजच्या वापरातील जोडी समोर असताना 'स्पिट'शेजारी 'स्पॅट' शोभून दिसला. अशा रीतीने एका क्रियापदाचा वर्तमानकाळ आणि दुसऱ्याचा भूतकाळ मिळून नवे क्रियापद उभे राहिले.

हा प्रकार मराठीला अपरिचित नाही. 'जाणे' या क्रियापदाचे 'जातो' हे रूप संस्कृत 'या' धातूकडे जाते, तर 'गेला' हे 'गत'पासून येते. दोन धातू, एक क्रियापद. फरक एवढाच की 'जातो–गेला' यांतील विसंगती उघडपणे दिसते. 'स्पिट–स्पॅट'मधील सांधा मात्र इतका बेमालूम आहे की तेथे सांधा आहे हेच कळत नाही. माझ्या मते अभ्यासकाची खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारात होते.

ही जुळणी एका दिवसात पुरी झाली नाही. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये जन्मांधाच्या कथेत 'स्पॅट' आहे, तर बहिऱ्या-मुक्या माणसाला बरे करण्याच्या प्रसंगात भूतकाळासाठी 'स्पिट' असेच रूप आहे. कर्ता तोच, क्रिया तीच, ग्रंथही तोच. अमेरिकेत भूतकाळी 'स्पिट' म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांना चुकीचे ठरविण्यापूर्वी जुने अँग्लियन 'स्पिट्टे' आठवावे.

थुंकी आणि इस्पितळ

क्रियापदाबरोबर नामही बदलले. प्राचीन इंग्रजीत थुंकीला 'स्पाट्ल' म्हणत. मध्य इंग्रजीत त्याचे 'स्पोटल', 'स्पेटल' असे अवतार झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'स्पिट'च्या प्रभावाने 'स्पिटल' हे रूप दिसू लागले. हेही सादृश्यच, क्रियापदाने नामाला आपल्या स्वरात ओढून घेतले.

याच उच्चाराचा आणखी एक शब्द त्या काळी होता आणि त्याचा अर्थ होता रुग्णालय. लंडनच्या 'स्पिटलफील्ड्स' या भागाचे नाव तेथील मध्ययुगीन सेंट मेरी रुग्णालयावरून पडले. थुंकीशी त्याचा काही संबंध नाही. या दुसऱ्या 'स्पिटल'चे मूळ लॅटिन असून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला 'इस्पितळ' त्याचाच दूरचा भाऊ होय. मांस भाजण्याची सळई म्हणजे 'स्पिट', हाही तसाच वेगळ्या कुळातला शब्द. समान उच्चारावरून नाते जोडू नये, हे यावरून कळावे.

मूळ किती जुने?

लॅटिन 'स्पुएरे', गॉथिक 'स्पीवन', संस्कृत 'ष्ठीवति' ही रूपे एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूकडे बोट दाखवितात. ग्रिमच्या नियमानुसार मूळ 'प'चा जर्मानिकमध्ये 'फ' होतो (पितृ–फादर, पाद–फुट). मग 'स्पिट'मध्ये 'प' कसा राहिला? कारण 'स'नंतरच्या 'प'ला हा नियम लागू होत नाही.

तरी येथे सावधपणा हवा. थुंकण्याचे शब्द तोंडातून निघणाऱ्या आवाजाचे अनुकरणही असतात. आपले 'थुंकणे'ही 'थू' या आवाजाशी जोडलेले आहे. असे शब्द नियमांना पुरते वश होत नाहीत. संस्कृत व्याकरणकारांचाही हाच अनुभव दिसतो. धातूच्या आरंभीच्या 'ष'चा 'स' करणाऱ्या पाणिनीच्या नियमातून 'ष्ठिव्' वगळावा, असे वार्तिकात सांगावे लागले आणि 'ष्ठीवति'मधील दीर्घ 'ई'साठी पाणिनीने सूत्रात या धातूचे नावच घेतले.

स्वाध्याय

१. 'स्पिट–स्पॅट' आणि 'सिट–सॅट' या जोड्यांतील स्वरबदलाची कारणे कशी भिन्न आहेत, ते स्पष्ट करा.

२. 'पडणे–पाडणे', 'तुटणे–तोडणे', 'जातो–गेला' यांपैकी कोणती जोडी 'स्पिट–स्पॅट'ला अधिक जवळची आहे? सकारण लिहा.

३. तुमच्या परिसरातील बोलीत एखाद्या क्रियापदाची दोन भूतकालीन रूपे ऐकू येतात काय? ती कोण आणि केव्हा वापरतात, याची आठवडाभर नोंद ठेवा व ती संपर्कसत्रात मांडा.