अहिफेनवर्गीय व्यसनातून सावरणाऱ्या रुग्णातील शूलचिकित्सा : काही सावधानता

कटिशूल, गृध्रसी, दंतशूल अथवा शस्त्रकर्मोत्तर वेदना घेऊन आलेल्या रुग्णास आपण अग्नी, कोष्ठ, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी विस्ताराने विचारतो. तंबाखू व मद्य यांची चौकशीही होते. परंतु पूर्वी गर्द, अफू अथवा वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन होते काय, हा प्रश्न संकोचापोटी बहुधा टाळला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हा एकच प्रश्न व त्याच्या उत्तरावर अवलंबून असणारी चिकित्सा हा आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 2.26 कोटी व्यक्ती अहिफेनवर्गीय द्रव्यांचे सेवन करीत होत्या. त्यांत हेरॉईनच्या खालोखाल औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांचा क्रमांक होता, अफूचा नव्हे. म्हणजे व्यसनाचे द्रव्य आणि वेदनेचे औषध ही अनेकदा एकाच दुकानात मिळतात.

यातील मुख्य धोका सात्म्याच्या संकल्पनेतून चांगला समजतो. दीर्घ सेवनाने हे द्रव्य शरीरास ओकसात्म्य होते. इतरांना मारक ठरणारी मात्राही तो रुग्ण सहन करतो. द्रव्य सुटल्यावर काही दिवसांत व आठवड्यांत ही सहनशक्ती ओसरते. मनाला मात्र जुनीच मात्रा आठवत असते. वेदनेच्या निमित्ताने हाती आलेल्या गोळ्या रुग्णाने पूर्वीच्या हिशोबाने घेतल्या, तर श्वसनकेंद्र मंदावून मृत्यू ओढवू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून अथवा कारागृहातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे याच कारणाने सर्वांत घातक असतात. सोबत अल्प्राझोलामसारखे निद्राकर औषध अथवा मद्य असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल ही या वर्गातील औषधे नव्हेत. मॉर्फिन व कोडीन यांविषयी वैद्य सावध असतात. प्रश्न ट्रॅमाडॉलचा आहे. 'सौम्य' म्हणून ते दीर्घकाळ सढळपणे लिहिले गेले. पॅरासिटामॉलशी संयुक्त असलेल्या गोळीत ते आहे, हे रुग्णाच्या ध्यानीही येत नाही. एप्रिल 2018 मध्ये त्याचा समावेश अंमली पदार्थविषयक कायद्यात झाला. अधिक मात्रेत ते आक्षेपकही उत्पन्न करते. टॅपेंटाडॉल त्याच वर्गातील. रुग्णाने आणलेली गोळ्यांची पाकिटे उलटून त्यांवरील घटकद्रव्ये वाचणे, हा आमच्या मते रोगीपरीक्षणाचाच भाग मानावा.

रुग्ण व्यसनमुक्तीसाठी सध्या कोणते औषध घेत आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. आमच्याकडे गृध्रसीने पीडित एक ट्रकचालक आले होते. अन्यत्र मिळालेल्या ट्रॅमाडॉलने त्यांना काहीच उपशय नव्हता, म्हणून ते दुप्पट मात्रा घेऊ लागले होते. त्यांच्या पत्नीने सांगितले, की ते रोज नालट्रेक्सोन घेतात. नालट्रेक्सोन अहिफेनवर्गीय द्रव्यांचे कार्यच रोधून धरते; तेव्हा उपशय मिळणार कोठून? चिंतेची बाब पुढेच होती. आराम पडावा म्हणून नालट्रेक्सोन सोडण्याचा त्यांचा विचार चालला होता. रोध उतरल्यावर तीच दुप्पट मात्रा, सहनशक्ती नष्ट झालेल्या शरीरात, पूर्ण बलाने कार्य करती. ट्रॅमाडॉल त्यांच्या व्यसनमुक्ती चिकित्सकांशी बोलून थांबविण्यात आले. कटिबस्ती, निर्गुंडी तैलाने स्नेहन-स्वेदन व दशमूल क्वाथाचे निरूह यांवर तीन आठवड्यांत ते पुन्हा चालू-फिरू लागले.

ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत स्थिती वेगळी. तेथे अन्य अहिफेनवर्गीय औषधांचा प्रभाव कमी पडतो आणि पेंटाझोसिनची सुई दिल्यास व्यसनत्यागाची तीव्र लक्षणे अकस्मात उद्भवू शकतात. ब्युप्रेनॉर्फिन आपण होऊन कदापि बंद करवू नये. 'एक व्यसन सोडून दुसरे लावले' असे रुग्णास ऐकवणारे वैद्य आपल्यातही आहेत. या एका वाक्याने रुग्ण औषध सोडतो व पुन्हा गर्दकडे वळतो.

आता आपल्या घरातले. बृहत्त्रयीत अहिफेनाचा उल्लेख आढळत नाही. शार्ङ्गधराने मात्र व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेसह अहिफेन सांगितले आहे. निद्रोदय रस, कर्पूर रस, अहिफेनासव, कामिनीविद्रावण रस हे सर्व अहिफेनयुक्त कल्प होत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये अहिफेन विषद्रव्यांत गणले आहे. कामिनीविद्रावण रसाचे व्यसन जडल्याचे रुग्ण भारतात तसेच परदेशातही नोंदविले गेले आहेत. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे म्हणून व्यसनमुक्त रुग्णास अतिसारासाठी कर्पूर रस देणे म्हणजे त्यास अफूच देणे होय. आसव-अरिष्टांतील मद्यांशही अशा रुग्णांत टाळावा. दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ द्यावा.

या सर्वांचा अर्थ रुग्णास वेदनेत ठेवावे असा मुळीच नाही. दीर्घ अहिफेनसेवनाने वेदनेची जाणीवच तीव्र होते. हा रुग्ण ढोंग करीत नसतो. उपेक्षित शूल हेच पुनर्व्यसनाचे एक बलवान कारण आहे. वातप्रधान शूलात स्नेहन, स्वेदन, बस्ती, अग्निकर्म यांचे बल आपल्या हाती आहे, ते प्रारंभीच वापरावे. सुईने व्यसन करणाऱ्यांत हिपॅटायटिस सी सामान्य असल्याने गुग्गुळकल्प, रसौषधी व पॅरासिटामॉल देण्यापूर्वी यकृताची तपासणी करून घ्यावी.

अस्थिभग्न, मोठे शस्त्रकर्म वा अर्बुद यांत अहिफेनवर्गीय औषध अपरिहार्य ठरू शकते. तेथे रुग्णालयात पाठवावे व सोबतच्या पत्रात व्यसनाचा इतिहास आणि चालू औषध, रुग्णाच्या संमतीने, स्पष्ट लिहावे. नियोजित शस्त्रकर्मापूर्वी नालट्रेक्सोन केव्हा थांबवावे, हे त्यांचे चिकित्सक ठरवतील. घरी आल्यावर गोळ्या मोजक्या दिवसांच्याच असाव्यात, त्या कुटुंबातील जबाबदार व्यक्तीने जवळ ठेवाव्यात व उरलेल्या दुकानात परत कराव्यात अथवा नष्ट कराव्यात. त्या व्यक्तीस एवढे अवश्य शिकवावे : झोपलेला रुग्ण हलवूनही जागा होत नाही, श्वास संथ व घोरल्यासारखा आहे, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर सकाळपर्यंत न थांबता 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा, रुग्णास कुशीवर वळवावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.