फॉरवर्ड केलेला मेल कुठे अडतो

लिनक्स सर्व्हरवर मेल फॉरवर्ड करायला एक ओळ पुरते. पोस्टफिक्स या मेलसर्व्हरच्या व्हर्च्युअल फाइलमध्ये डावीकडे संस्थेचा पत्ता लिहायचा, उजवीकडे ज्याला मेल हवा त्याचा पत्ता, आणि मग पोस्टमॅप चालवायचं. लोक इथे काम संपलं असं समजतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे सुरू होतं. दुसऱ्याने लिहिलेला मेल तिसऱ्याकडे पोचवायची जबाबदारी आपला सर्व्हर अंगावर घेतो, आणि तो मेल पलीकडे नाकारला गेला तर त्याची खबर बहुतेक वेळा आपल्यापर्यंत येतच नाही.

एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. सचिवांचा अधिकृत पत्ता तिथे आहे आणि तो वर्षानुवर्षं त्यांच्या खासगी खात्याकडे वळवलेला होता. पालकांचे, शाळांचे, पुरवठादारांचे मेल नीट पोचत होते. पण बँकेकडून येणाऱ्या सूचना सचिवांना मिळत नाहीत, असं हळूहळू लक्षात आलं. बँकेतले लोक सांगत, आम्ही पाठवलं आहे. सचिव सांगत, स्पॅममध्येसुद्धा काही नाही. एका मुदत ठेवीची सूचना अशीच हुकली, तेव्हा मी मेलचा लॉग उघडून त्या दिवसाच्या ओळी एकेक वाचल्या.

लॉगमध्ये सगळं होतं. बँकेचा मेल आमच्याकडे आला होता, आमच्या सर्व्हरने तो पुढे धाडला होता, आणि पलीकडच्या मेलसेवेने ५५०, सोबत ५.७.२६ असा कोड देऊन तो नाकारला होता. पाचने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार. आमच्या सर्व्हरने नियमाप्रमाणे नकाराची चिठ्ठी मूळ प्रेषकाला पाठवली. मूळ प्रेषक म्हणजे बँकेचा नो-रिप्लाय पत्ता, जो कोणी वाचत नाही. प्रत्येक यंत्राने आपापलं काम चोख केलं होतं आणि सचिवांच्या हाती काहीच पडलं नव्हतं. फॉरवर्डिंगमधली मला वाटणारी सगळ्यात मोठी भीती हीच आहे. मेल हरवतो तो मुकाट्याने.

हे का होतं ते समजून घ्यावं, नाहीतर माणूस सेटिंग चाचपत राहतो. टपालाप्रमाणे मेललाही लिफाफा असतो. लिफाफ्यावरचा प्रेषक वेगळा, आतल्या कागदावर दिसणारा प्रेषक वेगळा. फॉरवर्ड करताना पोस्टफिक्स लिफाफ्यावरचं नाव बदलत नाही. १९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले गेले तेव्हा यात कुणाला वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. पुढे खोट्या नावाने येणाऱ्या मेलचा सुळसुळाट झाला आणि एसपीएफ आलं; त्याचं नियमपत्र २००६ सालचं. आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा कुठल्या सर्व्हरना आहे, हे डोमेनचा मालक डीएनएसमध्ये जाहीर करतो. बँकेच्या यादीत आमचा आयपी पत्ता असायचं कारणच नाही. त्यामुळे फॉरवर्ड केलेला मेल एसपीएफच्या परीक्षेत नापास होतो, आणि हे होणारच.

मग तरतो कसा? डीकेआयएमवर. ही डिजिटल सही मेलच्या आत असते आणि मेलबरोबर प्रवास करते. एसपीएफ आणि डीकेआयएमपैकी एक जरी पास झालं आणि ते कागदावरच्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळलं, तर डीमार्क समाधानी होतं; नापास मेलचं काय करायचं याचं डोमेनच्या मालकाने जाहीर केलेलं धोरण म्हणजे डीमार्क. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं धोरण 'रिजेक्ट' केलं तेव्हा मेलिंग लिस्टमधून जाणारे मेल ठिकठिकाणी अडले. लिस्टचे प्रोग्राम विषयात कंसातलं नाव आणि तळाला दोन ओळी जोडत, त्याने सही तुटे.

आमच्याकडेही तेच होत होतं. व्हायरस तपासणारा फिल्टर प्रत्येक मेलच्या शेवटी 'हा मेल तपासलेला आहे' अशी ओळ चिकटवत होता. ती एक ओळ बँकेची सही मोडायला पुरेशी होती. पालक साध्या खात्यांवरून लिहीत, त्या डोमेनची धोरणं सैल, म्हणून ते मेल निभावून जात. बँकेचं धोरण कडक, म्हणून तिचाच मेल परत जाई. ती ओळ बंद केली आणि बँकेचे मेल पोचू लागले. म्हणून माझं पहिलं सांगणं: फॉरवर्ड होणाऱ्या मेलच्या विषयाला आणि मजकुराला हात लावू नका. स्पॅमचा शिक्का मारायचा असेल तर वेगळ्या हेडरमध्ये मारा.

ज्यांच्या मेलवर डीकेआयएम नसतं, त्यांच्यासाठी एसआरएस लागतं. लिफाफ्यावरच्या प्रेषकाच्या जागी ते आपल्या डोमेनचा पत्ता घालतं आणि मूळ पत्ता त्यातच गुंफून ठेवतं, म्हणजे नकाराची चिठ्ठी आपल्यामार्फत मूळ माणसाकडे जाऊ शकते. पोस्टफिक्ससाठी पोस्टएसआरएसडी हा छोटा प्रोग्राम आहे. तो जोडताना एक सेटिंग डोळ्यांत तेल घालून पाहा: सेंडर-कॅनॉनिकल-क्लासेसमध्ये फक्त लिफाफ्यावरचा प्रेषक ठेवा. मूळ सेटिंगमध्ये हेडरमधला प्रेषकही धरलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर वाचणाऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव विचित्र दिसतं आणि सहीही जाते. एसआरएसने एसपीएफ पास होतं, पण ते आपल्या डोमेनच्या नावाने. डीमार्कला हवी असलेली जुळणी त्यातून मिळत नाही. त्यामुळे एसआरएस बसवलं म्हणून सही तुटण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मोजकेच पत्ते वळवायचे असतील, तर अलायसेस फाइलमधली एक जुनी सोय मला फार आवडते. 'सचिव' या नावाबरोबर 'ओनर-सचिव' असं दुसरं नाव नोंदवलं, की पोस्टफिक्स लिफाफ्यावर ते दुसरं नाव घालतं. नकाराची चिठ्ठी मग बँकेकडे न जाता सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे येते. मुकाट्याने हरवणाऱ्या मेलला यामुळे वाचा फुटते. फाइल बदलल्यावर न्यूअलायसेस चालवायला विसरू नका. आणि एकच डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये आणि व्हर्च्युअल डोमेनच्या यादीत, अशा दोन्हीकडे लिहू नका. पोस्टफिक्स लॉगमध्ये तसा इशारा देतं.

मेल जातच नसेल, तर आधी पोस्टमॅप -क्यू देऊन तो पत्ता विचारा. उत्तर रिकामं आलं, तर चूक नोंदीत आहे. उत्तर बरोबर असेल, तर पोस्टक्यू -पी ने रांग पाहा. रांगेत मेल साचलेत आणि कारण 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतं, तर भाड्याच्या सर्व्हरवर पोर्ट २५ बंद असण्याची शक्यता मोठी. अनेक क्लाउड कंपन्या ते बंदच ठेवतात. पोस्टफिक्स असे मेल ५ दिवस धरून ठेवतं आणि मग परत करतं, तेव्हा रांग भरताना दिसली की लगेच हालचाल करा. आयपीव्ही६ वरून मेल जातो आणि त्या पत्त्याची उलटी डीएनएस नोंद नसते म्हणून तो नाकारला जातो, असंही होतं. नोंद करता येत नसेल, तर पोस्टफिक्सला आयपीव्ही४ पुरतंच ठेवा.

चाचणी करताना एक फसगत होते. ज्या जीमेल खात्याकडे मेल वळवला आहे, त्याच खात्यावरून चाचणीचा मेल पाठवला तर तो इनबॉक्समध्ये येत नाही. दोन्हींचा मेसेज-आयडी एकच असतो आणि जीमेल दुसरी प्रत दाखवत नाही. फॉरवर्डिंग उत्तम चालू असूनही माणसं मग सेटिंग उसकटत बसतात. चाचणी नेहमी तिसऱ्या खात्यावरून करा आणि आलेल्या मेलचं मूळ रूप उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींचे निकाल वाचा.

स्पॅमबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. डोमेनवरचा कुठलाही पत्ता चालेल अशी सरसकट नोंद करून सगळं पुढे ढकलू नका. पलीकडच्या सेवेला तो स्पॅम आपल्या सर्व्हरकडून आलेला दिसतो आणि बदनामी आपल्या आयपीची होते. मग संस्थेने पालकांना पाठवलेली फीची पत्रंसुद्धा स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे नियम आणखी कडक झाले. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावं अशी त्यांची अट आहे, आणि नियमित फॉरवर्ड करणाऱ्यांनी आपल्याकडच्या तपासणीचे निकाल नोंदवणारे एआरसी हेडर जोडावेत असंही ते सांगतात. एआरसीची सोय आरस्पॅमडी या स्पॅम-फिल्टरमध्ये आहे. नसलेल्या पत्त्यांवरचे आणि उघड स्पॅम मेल दारातच, एसएमटीपीचं संभाषण चालू असतानाच नाकारावेत. आत घेऊन मग परत पाठवले, तर नकाराच्या चिठ्ठ्या ज्यांची नावं चोरली गेली त्या निरपराध लोकांवर जाऊन आदळतात.

एवढं सगळं केल्यावरही, पैशाचे, परीक्षेचे आणि कोर्टकचेरीचे मेल जिथे येतात ते पत्ते फॉरवर्ड करू नयेत असं माझं ठाम मत झालं आहे. सचिवांना आता डव्हकॉट या आयमॅप सर्व्हरवर स्वतंत्र मेलबॉक्स दिला आहे. तो त्यांनी फोनवर आयमॅपने जोडला. पद बदललं की पासवर्ड बदलतो आणि जुनी पत्रं संस्थेकडेच राहतात. खासगी खात्यात गेलेली पत्रं माजी पदाधिकाऱ्याकडून परत मागणं दोघांनाही अवघड जातं. जे पत्ते अजून वळवलेले आहेत, त्यांच्या नोंदीत स्वल्पविराम देऊन सर्व्हरवरच्या एका खात्याचं नावही घातलं आहे, म्हणजे प्रत इथे उरते. रोज सकाळी पीएफलॉगसम हा प्रोग्राम आदल्या दिवसाच्या लॉगचा गोषवारा मला पाठवतो. त्यातला 'बाउन्स्ड' हा भाग मी सगळ्यात आधी वाचतो, आणि तिथे एखाद्या बँकेचं किंवा विद्यापीठाचं नाव दिसलं तर चहाच्या आधी त्या कार्यालयात फोन करतो.