जागा आमची, पैसा त्यांचा: सही करू का?

प्रश्न: मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आमची २२ गुंठे माडबाग आहे. सातबारावर आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. पुण्याचे एक गृहस्थ तिथे दहा खोल्यांचं रिसॉर्ट बांधायला तयार आहेत. नफ्यात ३० टक्के आमचे. कागद तयार आहेत. जिल्ह्यात पर्यटनातून पुढे किती पैसा येईल? मुंबईला नोकरी करणारा मुलगाही परत यायचं म्हणतो.

उत्तर: जिल्ह्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. गर्दी वाढली, यात वाद नाही. पण आलेला रुपया गावात थांबतो का, हे पाहा. घरगुती खानावळीत जेवलेल्या पाहुण्याचा पैसा मासे विकणारीकडे, नारळवाल्याकडे, किल्ल्यावर नेणाऱ्या होडीवाल्याकडे जातो. बाहेरच्या मालकाचा नफा त्याच्या शहरात जातो. गावाला पगार उरतो, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तोही आटतो.

तुमची खरी काळजी मुलाची दिसते. तो परत येईल तेव्हा बाग तुमच्याच हातात असायला हवी. म्हणून विचारतो, त्या कागदांत कुलमुखत्यारपत्र आहे का? त्यात 'अपरिवर्तनीय' हा शब्द आहे का?

इथेच माणसं बुडतात. शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. म्हणून करारनामा भागीदारीचा करतात आणि सोबत मुखत्यारपत्र घेतात. त्यात बांधकामाच्या परवानग्यांबरोबर गहाण, भाडेपट्टा, विक्रीचे अधिकारही घातलेले असतात. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल, तर करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे ते तुम्हाला मनात येईल तेव्हा रद्द करता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला आपली बाग तिसऱ्याच माणसाला दिली गेल्याचं कळलं ते विहिरीवर नवा राखणदार अडवायला उभा राहिला तेव्हा. सही स्वतःचीच होती. दावा अजून चालू आहे.

आणि 'नफ्यात ३० टक्के' म्हणजे काय? हिशेब ते ठेवणार, खर्च ते दाखवणार. खर्च फुगला की तुमचे ३० टक्के शून्याचे.

बहिणींना न विचारता पुढे जाणं हा तर शुद्ध मूर्खपणा आहे. त्यांचा हिस्सा तुमच्याइतकाच खरा आहे. कर्ज काढून दहा खोल्या स्वतः बांधायच्या? नको. त्यातून कमी लोकवस्तीच्या किनारी गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामावर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) कडक निर्बंध आहेत. तुमची बाग कुठे बसते, ते आधी तपासा.

मुलगा खरोखर येणार असेल तर राहत्या घरातल्या दोन खोल्या नीट करा, शासनाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद करा आणि दोन हंगाम पाहा. बाग कुठे पळत नाही. त्या गृहस्थांशी बोलायचंच असेल तर ठरावीक वार्षिक रक्कम मागा, मुखत्यारपत्र फक्त परवानग्यांपुरतं आणि मुदतीचं द्या, आणि मसुदा त्यांच्या नव्हे, तुमच्या वकिलाकडून करून घ्या. 'आजच सही हवी' म्हणाले, तर त्या दिवशी सही करू नका.