माकडताप : गोचिडीपासून कुटुंबाचे संरक्षण

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावांत घर आणि रान यांच्यामध्ये सीमारेषा आखता येत नाही. परसदार संपले की काजूची बाग सुरू होते, बागेला लागून रान असते आणि त्याच रानातून सरपण, पातेरा व गुरांचा चारा घरी येतो. गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप या रोजच्या वाटांवरच माणसाला गाठतो. त्यामुळे ‘जंगलात जाऊ नका’ एवढ्या उपदेशाने भागत नाही. काजूच्या ऐन हंगामात शेतकऱ्याने बागेत जाऊ नये, असे सांगणे म्हणजे त्याचे वर्षाचे उत्पन्न सोडण्यास सांगणे होय. कामही व्हावे आणि कुटुंबही सुरक्षित राहावे, असा मार्ग गावाला दाखविणे अगत्याचे आहे.

रोगाचा शोध व प्रसार

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात 1957 साली माकडे मोठ्या संख्येने मरू लागली व त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत तीव्र तापाची साथ उद्भवली. माकडे व माणसे एकाच वेळी आजारी पडत असल्याने पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी प्रथम शंका घेण्यात आली. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी तपास करून हा वेगळाच विषाणू असल्याचे व त्याचा प्रसार गोचिडी करीत असल्याचे सिद्ध केले. जंगलाच्या नावावरून या रोगास ‘क्यासनूर वनज्वर’ हे नाव मिळाले. लोकांनी मात्र त्याला माकडताप म्हटले.

अनेक वर्षे हा रोग मुख्यतः कर्नाटकापुरता मर्यादित होता. 2012 नंतर तो केरळ व तमिळनाडूच्या वनक्षेत्रांत आढळला. 2015 मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले. त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरासही त्याची झळ पोहोचली.

गोचिडीचे जीवनचक्र

गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. गवताच्या अथवा पाल्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती बसून राहते. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा उच्छ्वास व शरीराची ऊब तिला जाणवते आणि स्पर्श होताच ती त्याला चिकटते. डिंभ, कुमार व प्रौढ या तिन्ही अवस्थांत तिला रक्त लागते. एका अवस्थेत शिरलेला विषाणू पुढच्या अवस्थेतही तिच्या शरीरात टिकून राहतो.

पावसाळ्यात प्रौढ गोचिडी गुरांसारख्या मोठ्या जनावरांच्या अंगावर वाढतात. पाऊस सरल्यावर डिंभ बाहेर पडतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुमारावस्थेतील बारीक गोचिडी पातेऱ्यात वावरतात. माणसाला मुख्य धोका या कुमारावस्थेपासून आहे. ती आकाराने तिळाहून लहान असते आणि तिचा चावा दुखत नाही, त्यामुळे ती सहसा लक्षात येत नाही. काजू वेचणे, सरपण साठविणे, भाजावळीसाठी पातेरा गोळा करणे ही कामे याच महिन्यांत येतात. रोगाचा हंगाम आणि कामाचा हंगाम एकच असतो, हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

रोजच्या जागा, रोजची काळजी

बागेत अथवा रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी. विजारीची टोके पायमोज्यांत खोचावीत व पायांत बूट असावेत. स्त्रियांनी साडीखाली विजार व पायमोजे वापरल्यास पायांचे चांगले रक्षण होते. फिकट रंगाच्या कपड्यांवर गोचीड चटकन दिसते. उघड्या अंगावर डीएमपी किंवा डीईपीए हे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. डीईपीए हे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेले आहे. तेलाचा परिणाम काही तासच टिकत असल्याने दिवसभराच्या कामात ते सूचनेप्रमाणे पुन्हा लावावे लागते. लहान मुलांसाठी ते वापरण्यापूर्वी आरोग्यसेवकाचा सल्ला घ्यावा.

विश्रांतीसाठी पातेऱ्यावर बसू किंवा आडवे होऊ नये. झाडून स्वच्छ केलेली जागा निवडावी. अंगणाकडून बागेकडे जाणारी पायवाट व मांगराभोवतीची जागा पालापाचोळा काढून मोकळी ठेवावी. रानातील पाला गोठ्यात गुरांखाली अंथरण्याची प्रथा हंगामापुरती तरी बंद ठेवावी, कारण त्या पाल्याबरोबर गोचीड थेट घराच्या दाराशी येते. गुरांवरील गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळोवेळी करावा.

घरी परतल्यावर कामाचे कपडे खुंटीवर न टांगता गरम पाण्यात भिजत घालावेत, साबण लावून स्नान करावे आणि अंग तपासावे. कानांमागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत व गुडघ्यांमागे गोचीड प्रामुख्याने आढळते. मुलांची तपासणी वडील माणसांनी करावी. या तपासणीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

गोचीड चिकटल्यास

चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतणे किंवा तिला पेटती काडी लावणे हे उपाय घातक आहेत. बारीक चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरावे आणि न पिळता सरळ वर ओढून काढावे. ती नखाने अथवा बोटांनी चिरडू नये. काढल्यावर जखम व हात साबणाने धुवावेत आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी.

चाव्यानंतर साधारणतः 3 ते 8 दिवसांत आजार सुरू होतो. थंडी वाजून एकाएकी चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, अंग मोडून येणे, उलट्या आणि पराकोटीचा अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. काही रुग्णांत रक्तस्राव होतो. काहींना ताप उतरून बरे वाटू लागल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि मेंदूवर परिणाम होतो. शंभर रुग्णांमागे साधारणतः तीन ते पाच दगावतात. आरंभी हिवतापाचा समज होऊन मोलाचे दिवस वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून रुग्ण बागेत किंवा रानात गेला होता, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. रक्तस्रावाचा धोका असल्याने मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. या रोगावर खास औषध नाही. परंतु वेळेवर रक्ततपासणी व रुग्णालयातील शुश्रूषा झाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. कर्नाटकात पूर्वी दिली जाणारी लस फारशी परिणामकारक न ठरल्याने 2022 मध्ये बंद झाली. त्यामुळे प्रतिबंधाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

मृत माकड : गावाला मिळालेली सूचना

या विषाणूने वानरे व तांबड्या तोंडाची माकडे दगावतात. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर उतरतात आणि तेवढी जागा अत्यंत धोक्याची बनते. मृत माकड आढळल्यास त्यास हात लावू नये, ओढत नेऊ नये आणि त्या वाटेने मुलांना व गुरांना जाऊ देऊ नये. ग्रामपंचायत, वनरक्षक व प्राथमिक आरोग्य केंद्र यांना त्याच दिवशी कळवावे. त्यानंतर शवाची तपासणी व विल्हेवाट लावून सभोवतालच्या सुमारे 50 मीटर परिसरात कीटकनाशकाची धुरळणी करता येते. खबर जितकी उशिरा पोहोचेल, तितकी माणसे त्या पातेऱ्यातून ये-जा करतील.

येथे ग्रामपंचायतीची भूमिका निर्णायक ठरते. काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, मृत माकडाची खबर कोणाला द्यावयाची ते नाव ठळकपणे फलकावर लिहावे आणि प्रतिबंधक तेलाचा साठा आधीच मागवावा. आशा स्वयंसेविकेने प्रत्येक तापाच्या रुग्णाकडे रानात जाण्याविषयी विचारणा करावी. शिक्षकांनी अंग तपासण्याची सवय विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवावी. मुलांनी शाळेत शिकलेली गोष्ट संध्याकाळी घरी पोहोचते. बाग सोडणे गावाला शक्य नाही, परंतु बागेतून येणारी गोचीड उंबऱ्याबाहेर ठेवणे निश्चितच शक्य आहे.