पडक्या वाड्याचा फोटो वाचूया : निरीक्षणातून कल्पनालेखन



'पडक्या वाड्याचे मनोगत' हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत लिहिलाय आणि आता मुलांकडून लिहून घेतोय. वह्या तपासायला बसलं की सगळे वाडे सारखेच निघतात. प्रत्येक वाडा 'एकेकाळी वैभवशाली' असतो, त्यात पंगती उठतात, मग मुलं शहरात जातात आणि वाडा अश्रू ढाळतो. मुलांना कल्पना सुचत नाही असं मुळीच नाही. त्यांनी वाडा नीट पाहिलेलाच नसतो, गाईडमधला निबंध तेवढा वाचलेला असतो. म्हणून हा उपक्रम : आधी फोटो, मग लेखन. पाचवी ते नववीच्या वर्गांना तो सहज जमेल.

आधीची तयारी

घर पडकं असलं तरी ते बेवारस नसतं. मालक गावात नसले तरी भाऊबंद असतात. त्यांना विचारूनच जा. आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः जागा पाहून यावी. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर लगेच तर मुळीच नको. मातीच्या भिंती पाणी प्यायलेल्या असतात. साप, विंचू, उघडा आड, कुजलेल्या तुळया हे सगळं तिथे असतं. मुलांनी बाहेरूनच फोटो काढायचे. आतले फोटो हवे असतील आणि जागा सुरक्षित असेल तरच ते मोठ्यांनी काढावेत.

फोटो कसे काढायचे?

साधा मोबाइल पुरतो. तीन प्रकारचे फोटो घ्यायला सांगा.

१. लांबून : पूर्ण घर, जोत्यापासून छपरापर्यंत.
२. मधून : एकच भाग. दिंडी दरवाजा, ओसरी किंवा चौक.
३. जवळून : उंबरठा, कोनाडा, खुंटी, कडी-कोयंडा. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर कोरीव काम आणि भिंतीवरच्या खुणा उठून दिसतात. फोटोखाली तारीख, गाव आणि काढणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

फोटो वाचायचा कसा?

फळ्यावर तीन रकाने आखा : 'दिसतं', 'वाटतं', 'विचारायचं'. काही उदाहरणं बघा.

उंबरठा मधोमध झिजलेला दिसतो. म्हणजे इथून वर्षानुवर्षं पावलं गेली असावीत. कोनाड्यात तेलाचा काळा डाग आणि त्याच भिंतीवर विजेचं जुनं काळं बटण दिसतं. म्हणजे गावात वीज आली तेव्हा घरात माणसं राहत होती. मग गावात वीज कधी आली? हे आजोबांना विचारायचं. दाराशेजारी रंगाने लिहिलेलं 'शुभविवाह', नावं आणि तारीख दिसली, तर निदान त्या दिवसापर्यंत घर भरलेलं होतं हे नक्की.

खाली पडलेलं कौलही बोलतं. चपट्या मंगलोरी कौलाच्या मागे बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ च्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे असं कौल त्याआधीचं नसणार. पण घर त्याहून जुनं असू शकतं, कारण छप्पर नंतर बदलता येतं. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या.

घर ओस का पडलं?

'मुलं शहरात गेली' हे एकच उत्तर घेऊ नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठचे कितीतरी वाडे पडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली अनेक गावं नव्या जागी वसली. कुळकायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून, कसणारी कुळं जमिनीची मालक होऊ लागली आणि खंडावर चालणाऱ्या घरांचं उत्पन्न गेलं. कुठे नुसत्या वाटण्या अडल्या. तुमच्या गावात काय झालं, ते तिथल्या माणसांनाच विचारा.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा : या घरात काम कोण करत होतं? पाणी कोण भरायचं, जात्यावर कोण दळायचं, मागच्या दाराने कोण यायचं, आणि उंबऱ्याच्या आत कोणाला येऊ दिलं जात नव्हतं? या प्रश्नांनंतर मुलांच्या निबंधात मालकाखेरीज इतर माणसंही येतात.

नमुना परिच्छेद

"माझ्या चौकात मधोमध एक विटांची भिंत आहे. विटा नव्या आहेत, म्हणजे ती नंतर घातली. बहुधा दोघा भावांची वाटणी झाली असावी, कारण दोन्ही बाजूंना वेगळ्या चुली आहेत. तुळशीवृंदावन एका बाजूला गेलं आणि आड दुसऱ्या बाजूला. मग तुळशीला घालायचं पाणी कोण आणून देत असेल? भिंतीत एक लहान खिडकी ठेवली आहे. तिची लाकडी चौकट हात लागून लागून गुळगुळीत झाली आहे. भावांचं बोलणं बंद असेलही, पण विरजणाची वाटी इथून जात असणार."

यातली भिंत, चुली, वृंदावन, आड, खिडकी हे सगळं फोटोत दाखवता येतं. बाकीचा तर्क आहे, आणि 'बहुधा', 'असावी', 'असेल', 'असणार' हे शब्द ते प्रामाणिकपणे सांगतात. या शब्दांचा उपयोग इथेच शिकवा, व्याकरणाचा वेगळा तास लागत नाही.

पालकांसाठी

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी गेलात की मुलांकडून जुन्या घराचे फोटो काढून घ्या आणि आजीसमोर ठेवा. "जुन्या काळातलं काहीतरी सांग" असं म्हटलं तर आजी "काय सांगू बाई!" म्हणून गप्प बसते. फोटोवर बोट ठेवून "आजी, ही खुंटी कशाची गं?" असं विचारा, मग ती थांबत नाही. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. भिंत एखाद्या पावसाळ्यात बसते, आणि ती खुंटी कशाची हे सांगणारी माणसंही दरवर्षी कमी होत आहेत.

तपासताना

अलंकारिक शब्द मोजू नका. मुलाला कोणतंही वाक्य दाखवून विचारा, "हे तुला कशावरून वाटलं?" त्याने फोटोतल्या खुणेवर बोट ठेवलं किंवा "आजीने सांगितलं" असं म्हटलं, की पूर्ण गुण द्या. शेवटी फोटो, मुलांचं लेखन आणि आजी-आजोबांच्या आठवणी एकत्र करून वर्गाचं हस्तलिखित तयार करा आणि त्याची एक प्रत घराच्या मालकांना आठवणीने द्या.