पारायणाआधी खांद्यांची आसने



मार्गशीर्ष पौर्णिमेला श्रीदत्तजयंती. त्याआधीच्या सप्ताहात आपल्यापैकी पुष्कळजण गुरुचरित्राच्या पारायणाला बसतात. ५२ अध्याय सात दिवसांत, म्हणजे रोज काही तासांची बैठक आलीच. गुडघ्यांची तक्रार सगळेच करतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी कुरकुर सुरू होते ती मानेची आणि खांद्यांची.

कारण साधं आहे. चौरंग बुटका, अक्षर बारीक, चष्मा जाड. मान पोथीवर झुकते, खांदे पुढे येतात, छाती आत जाते. (आम्हा बँकवाल्यांची पाठ तर लेजरवर वाकून आधीच त्या वळणाची!) छाती आक्रसली की फासळ्यांना फुलायला जागा राहत नाही, श्वास तोकडा पडतो आणि ओवी मध्येच तुटते.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. पण हात डोक्यावर न्यायला तो एकटा पुरत नाही. पाठीवरचं चपटं हाडही सरकावं लागतं आणि पाठ सरळ व्हावी लागते. खात्री करायची तर पोक काढून हात वर नेऊन बघा, मग ताठ बसून न्या. म्हणून नुसते हात गरगर फिरवून भागत नाही. आधी पाठ मोकळी करायची.

त्यासाठी सतरंजीवर टॉवेलची सैल गुंडाळी आडवी ठेवून तिच्यावर पाठीचा वरचा भाग येईल असे उताणे झोपावे. डोक्याखाली उशी, गुडघे दुमडलेले, हात बाजूला पसरलेले. दोन-तीन मिनिटे सावकाश श्वास. एवढंच. मग खुर्चीवर किंवा मांडी घालून पर्वतासन : बोटे गुंफून तळवे आकाशाकडे, हात जातील तेवढेच वर. पाच श्वास थांबून खाली.

गोमुखासन मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. हठप्रदीपिकेत या आसनाची फक्त पायांची ठेवण दिली आहे. पाठीमागे हात गुंफणे त्यात नाही. तेव्हा आपल्या वयात पाय सोडून नुसते हात केले तरी बिघडत नाही. एक हात वरून पाठीमागे, दुसरा खालून. बोटे भेटत नाहीत? भेटणारही नाहीत. वरच्या हातात उपरणं धरावं, खालच्या हाताने त्याचं टोक पकडावं आणि महिनाभरात बोटभर वर सरकावं. रिकरिंगचा हप्ता समजा. ओढाताण नको, ताण जाणवला तर चालेल, कळ आली की थांबायचं.

काही गोष्टी मात्र आसनाच्या नव्हेत. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर तो आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेह्यांत तो जास्त आढळतो. तिथे डॉक्टरांचा सल्ला आधी. हाडे ठिसूळ असतील तर टॉवेलवरचा प्रकारही विचारूनच करावा. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला कळ असं एकत्र आलं तर चोळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

सप्ताहाला अजून अवधी असेल तर आजपासूनच रोज दहा मिनिटे द्या. प्रत्यक्ष वाचनाच्या वेळी पोथी छातीच्या उंचीला येईल असा चौरंग उंच करून घ्यावा. अध्याय संपला की आसन न सोडता खांदे कानांकडे उचलून, मागे नेऊन तीनदा खाली सोडावेत आणि मग पुढचं पान उलटावं.